भांडें वाजवून घेतां, मग महाविद्यालय कां नाहीं?

भंडाऱ्याच्या बाजारांत पितळेची गुंडी विकत घेतांना आपली निरक्षर म्हातारीहि ती बोटानें वाजवून पाहते. नाद खणखणीत आला तर कमरेची पिशवी सुटते. भद्द आवाज आला तर दुकानदारानें कितीहि गोड बोलावें, ती उठून दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों. बियाण्याचा धान घेतांना दाणा दातांखालीं फोडून पाहतों. परंतु पोराला किंवा पोरीला गाणें-वाजवणें शिकावयास पाठवावयाचें झालें, कीं हींच शहाणीं माणसें 'संगीत महाविद्यालय' अशी पाटी वाचतात आणि घरचा धान विकून, फी भरून मोकळीं होतात. ज्या वस्तूची सारी किंमत आवाजावर, तीच तेवढी आम्ही न वाजवितां घेतों!

या भोळेपणाचा सारा दोष आमच्याच पदरीं घालणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. 'महाविद्यालय' हा एकच शब्द आज निदान चार निरनिराळ्या दुकानांवर लटकत आहे. एका दुकानांत विद्यापीठाची पदवी मिळते. दुसऱ्यांत परीक्षेचें प्रमाणपत्र मिळतें. तिसऱ्यांत गळा आणि हात तयार होतो, पण कागद मिळत नाहीं. चौथ्यांत यांपैकीं कांहींच न मिळतां फीची पावती तेवढी मिळते. ज्यांच्या घरांत काका प्राध्यापक आणि आत्या आकाशवाणीवर, त्या घरांतल्या मुलाला हा भेद जेवणाच्या ताटावर बसल्याबसल्या कळतो. आमच्या मुलाला तो तीन वर्षांची फी भरल्यावर कारकुनाच्या खिडकीपाशीं कळतो. विद्येची आजची मक्तेदारी ती हीच. वर्गाचा दरवाजा आतां कोणी उघडपणें बंद करीत नाहीं. पण कोणता दरवाजा कोठें निघतो, हें सांगणारा आमच्या बाजूस कोणी उभा नसतो.

आमच्या घरांत गाण्याची वाण आहे, असें तर कोणी म्हणूंच नये. दिवाळी सरली, धान कापून बांधींतून खळ्यावर आला, कीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते. रात्रभर दंडार उभी राहते, खडी गंमत रंगते, शंकरपटाच्या गांवीं नाटकाचा मंडप पडतो. ढोलकी, पेटी, टाळ, खंजिरी वाजविणारीं हीं माणसें दिवसां कोठें असतात? नांगरामागें, मागावर, भट्टीपुढें, तलावाच्या पाळीवर. दहा-अकरा वर्षांचें पोर पेटीवर बोटें फिरवितें, त्याला 'सा' कोणी फळ्यावर लिहून शिकविलेला नसतो. बापाच्या मांडीवर बसून तें तो ऐकत आलेलें असतें. झाडीपट्टी रंगभूमीसाठीं जन्म वेंचणारे परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां कोठें शहरांतल्या वर्तमानपत्रांस या मुलुखाची आठवण झाली. कच्चा माल आमच्याकडे भरपूर आहे. आम्ही फसतों तें त्याचा पक्का माल करून घेण्याच्या बाजारांत.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतों. माझा भाचा लाखांदूर तालुक्यांतला. बाप दोन एकर धानाचा धनी. पोरगा लहानपणापासून दंडारींत पेटी वाजवी. शाळेंत असतांना तालुक्याच्या क्लासांत जाऊन मध्यमापर्यंतच्या परीक्षा त्यानें चांगल्या गुणांनीं दिल्या. बारावी झाल्यावर एका शहरांतल्या 'संगीत महाविद्यालया'च्या चालकांनीं त्याच्या बापास सांगितलें, "बी. ए. करून काय करणार? आमचें विशारद म्हणजे बी. ए.च समजा. पुढें एम. ए. करा, प्राध्यापक व्हा." बापानें समजलें! खोली भाड्यानें घेतली, फी भरली, दुभती म्हैस विकली. पोरानें कष्ट केले आणि तो विशारद झाला. मग एम. ए.चा अर्ज घेऊन तो विद्यापीठाच्या खिडकीवर उभा राहिला. कारकून भला होता, रागावला नाहीं. त्यानें कागद उलटेपालटे केले आणि विचारलें, "विशारद दिसतें आहे; पण पदवी कोठें आहे?" त्या रात्रीं पोरगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामाजी, आतां का करूं?" वयाच्या बाविसाव्या वर्षीं त्यानें अठरा वर्षांच्या मुलांबरोबर बी. ए.च्या पहिल्या वर्षांत पुन्हा नांव घातलें. त्याचा गळा आजहि सुरेल आहे. पण चार वर्षें आणि एक म्हैस परत आली नाहीं.

वाचकहो, मौज अशी कीं त्या पाटीवरचें एकहि अक्षर कायद्यानें खोटें नव्हतें. 'महाविद्यालय' लिहिलें होतें, 'मान्यताप्राप्त' लिहिलें होतें. मान्यता कोणाची आणि कशासाठीं, एवढें तेवढें लिहिलें नव्हतें.

हा घोटाळा समजून घ्यावयाचा तर थोडें मागें गेलें पाहिजे. पूर्वीं गाण्याची विद्या घराण्याच्या घरांत कोंडलेली होती. शिष्यानें उस्तादाच्या घरीं वर्षानुवर्षें चाकरी करावी आणि त्याची मर्जी झाली तर एखादी चीज पदरांत पडावी. ही कोंडी फोडण्यास सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं बडोद्यास उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखालीं गायनशाळा उघडली आणि तिचा खर्च राज्याच्या तिजोरींतून केला. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. पंडित भातखंडे यांच्या खटपटीनें १९२६ सालीं लखनौस मॉरिस कॉलेज निघालें. इकडे शाहू महाराजांनीं अल्लादियाखां यांच्यासारख्या गवयास कोल्हापुरांत आश्रय दिला. फी, वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा हें सारें या मंडळींनीं गाण्यांत आणलें, आणि ज्याच्या बापाचा उस्ताद कोणी नव्हता त्यालाहि राग-ताल शिकण्याची सोय झाली. हें श्रेय त्यांचें त्यांना दिलेंच पाहिजे; आम्ही कृतघ्न नाहीं.

पण ध्यानांत घ्या, पलुसकरांनीं 'महाविद्यालय' हें नांव दिलें तेव्हां या देशांतल्या विद्यापीठांत गाणें शिकवीतच नव्हते. त्या नांवानें कोणी फसण्याचा प्रश्नच नव्हता. १९३१ सालीं पलुसकर वारले आणि त्याच सालीं त्यांच्या शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्याच्या परीक्षांच्या पायऱ्या आज गांवोगांवच्या क्लासांना ठाऊक आहेत. पुढें विद्यापीठांनींहि संगीताच्या पदव्या सुरू केल्या. म्हणजे जुनें नांव परीक्षेच्या मंडळाकडे राहिलें आणि तोच शब्द पदवीच्या कॉलेजासहि लागला. थोरांनीं भल्या हेतूनें ठेवलेलें नांव आज दलालांच्या उपयोगी पडत आहे.

आतां एकेक दुकान वाजवून पाहूं.

पहिलें, परीक्षेचें केंद्र. तालुक्याच्या गांवीं एका खोलींत पेटी, तबला आणि शिकविणारे गुरुजी किंवा बाई. मुलें आठवड्यांतून दोन-तीन दिवस येतात आणि मंडळाच्या परीक्षेस बसतात. ती वर्षांतून दोनदां होते. याचे गुण पुष्कळ. घर सुटत नाहीं, शाळा सुटत नाहीं, खर्च आटोक्यांत राहतो, आणि दंडारींत आपोआप आलेल्या सुराला व्याकरण मिळतें. आपल्या प्रत्येक गाणाऱ्या पोरानें आणि पोरीनें या शाळेंत अवश्य जावें. दोष केंद्राचा नसून त्याच्याविषयीं केलेल्या बढाईचा आहे. तें प्रमाणपत्र मंडळाचें असतें. ती विद्यापीठाची पदवी नव्हे. कांहीं नोकऱ्यांपुरती किंवा कांहीं प्रवेशांपुरती कोणी त्याची बरोबरी मानतो, कोणी मानीत नाहीं. 'समकक्ष' हा शब्द शेजाऱ्याच्या बांधींतल्या धानासारखा आहे: दिसायला आपल्याच धानासारखा, पण विळा लावला म्हणजे मालक कोण तें कळतें. शहरांत गिटार आणि पियानो शिकणारीं मुलें ट्रिनिटी कॉलेज लंडन या नांवाच्या परीक्षा देतात. तेंहि परीक्षा घेणारें मंडळ आहे. त्या नांवाच्या वर्गांत लंडनास जाऊन कोणी बसत नाहीं. तेव्हां 'कॉलेज' शब्दाची ही गंमत साता समुद्रापलीकडेहि चालते!

दुसरें, पदवीचें दुकान. येथें कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२ व्या कलमानें पदवी देण्याचा अधिकार कायद्यानें स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास, किंवा संसदेनें खास अधिकार दिलेल्या संस्थेसच आहे. २३ व्या कलमानें 'विद्यापीठ' हें नांवहि राखून ठेवलें आहे. 'महाविद्यालय' या नांवाभोंवतीं मात्र त्या कायद्यानें असें कुंपण घातलें नाहीं, आणि मोकळ्या रानांत कोणाचेंहि ढोर चरतें, तसें या शब्दाचें झालें आहे.

या पदवीच्या दुकानांत दोन दालनें आहेत. एक, साधें कला महाविद्यालय. तेथें बी. ए.त इतिहास, मराठी यांच्या पंक्तीला संगीत हा एक विषय असतो. भंडारा जिल्ह्याचीं कॉलेजें १९२३ सालीं स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाच्या छायेंत आहेत. तेथें संगीताचे तास थोडे. एवढ्या तासांवर मैफलीचा गवई होत नाहीं. पण पदवी पूर्ण असते. तिच्यावर एम. ए. होतां येतें, बी. एड.ची वाट धुंडतां येते, स्पर्धा परीक्षेस बसतां येतें, आणि गाणें सुटलें तरी भाकरी सुटत नाहीं.

दुसरें दालन म्हणजे जेथें सारा दिवस संगीतच असतें. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ पासून आहे. पुण्यास सावित्रीबाई फुले यांच्या नांवाच्या विद्यापीठांत ललित कला केंद्र आहे. पण आमच्या जिल्ह्याला सर्वांत जवळचें मोठें दार पुण्या-मुंबईकडे नाहीं. तें उलट दिशेस, खैरागडला आहे. भंडारा रोडवरून गोंदियाकडे जाणारी गाडी धरावी, डोंगरगड किंवा राजनांदगांवास उतरावें आणि पुढें मोटारीनें जावें. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हें केवळ संगीत आणि कलेसाठीं स्थापन झालेलें विद्यापीठ. खैरागडच्या राजाराणींनीं त्यासाठीं आपला राजवाडा देऊन टाकला. त्याच्या स्थापनेचा दिवस आहे १४ ऑक्टोबर १९५६. हा दिवस आपल्या वाचकांस निराळा सांगावयास नको. त्याच दिवशीं नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. भंडारा आणि खैरागड त्या दिवशीं एकाच जुन्या मध्यप्रदेशांत होते. अठरा दिवसांनीं, १ नोव्हेंबरला, प्रांतांची नवी वांटणी झाली, भंडारा मुंबई राज्यांत आला, आणि शेजारचें विद्यापीठ आम्हांस परक्या राज्याचें वाटूं लागलें. तेथें शिकवणें हिंदींत चालतें. पण झाडीपट्टीच्या माणसाला हिंदीचें भय कशाला? तेथें लोकसंगीतहि शिकवितात. ज्याच्या गळ्यांत खरोखर कांहीं आहे आणि ज्याला दुसरें कांहीं सुचतच नाहीं, त्यानें हें दार आधीं ठोठवावें. प्रवेशापूर्वीं गळा-हात तपासतात, हें ठाऊक ठेवून तयारी करावी.

हा दालनांचा भेद आमच्याकडचाच आहे असें नव्हे. अमेरिकेंतहि मुलाला ठरवावें लागतें, कीं संगीताची खास पदवी घ्यावी, जींत जवळजवळ दोन भाग संगीत आणि एक भाग इतर विषय. कीं साधी कला शाखेची पदवी घ्यावी, जींत संगीत एक भाग आणि बाकीचें ज्ञान दोन भाग. तिकडे पदवीच्या नांवावरूनच हा भेद कळतो. आमच्याकडे तो कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीं.

तिसरें दुकान गुरूचें. येथें पाटी नसते, कागद नसतो. पण हात येथेंच तयार होतो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या कोणत्या महाविद्यालयाच्या पदवीधर होत्या? अल्लादियाखां यांच्यापुढें बसून त्या घडल्या. खंजिरीवर भजन गाऊन सारा विदर्भ जागा करणाऱ्या तुकडोजी महाराजांनीं कोणती विशारद परीक्षा दिली होती? आज त्यांच्याच नांवानें विद्यापीठ पदव्या वांटीत आहे! आजहि कलकत्त्यास आय. टी. सी. संगीत रिसर्च अकादमींत निवडक मुलांना गुरूच्या सान्निध्यांत ठेवून शिकविण्याची सोय आहे. केंद्राच्या संस्कृति खात्याची १८ ते २५ वर्षांच्या तरुण कलावंतांसाठीं दोन वर्षांची शिष्यवृत्ति आहे. १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं सीसीआरटी या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ति आहे, आणि परंपरेनें कला जपणाऱ्या घरांतल्या मुलांचा तींत खास विचार केलेला आहे. आमच्या दंडारीच्या किती बापांना हें ठाऊक आहे?

पण गुरूच्या घराचें गोड वर्णन ऐकून कोणी हुरळून जाऊं नये. आकाशवाणीवर गाण्यासाठीं आवाजाची परीक्षा घेतात, पदवी विचारीत नाहींत, हें खरें. परंतु कॉलेजांत शिकवावयाचें तर एम. ए.ला ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट असा शिरस्ता आहे. २०१८ च्या नियमांत परंपरेच्या कलावंतासाठीं आकाशवाणीच्या 'अ' दर्जाची एक निराळी वाट ठेविली. पण त्या वाटेवरहि बी. ए.ची पदवी मागितलेलीच आहे. म्हणजे कला कितीहि थोर असो, खुर्ची कागदावर मिळते. श्रीमंताच्या मुलानें कागद सोडून केवळ गुरूचरणीं दहा वर्षें घालविलीं तरी त्याच्या घरीं चूल पेटते. दोन एकरांच्या घराला तें परवडत नाहीं.

चौथ्या दुकानाविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. चकचकीत खोली, भिंतीवर मोठ्या गवयांचे फोटो, "सहा महिन्यांत सिनेमाचा गायक" अशी जाहिरात, आणि शेवटीं हातांत एक सोनेरी शाईचा कागद. तो कागद वाजवून पाहा. नाद येणार नाहीं.

या सर्वांतून आमच्या घरांनीं काय घ्यावें? आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: कागद विद्यापीठाचा आणि हात गुरूचा. एकासाठीं दुसरा सोडूं नये. शाळेंत असतांना परीक्षाकेंद्राच्या पायऱ्या चढाव्या. बारावीनंतर विद्यापीठाच्या पदवीला नांव घालावें, मग ती साध्या बी. ए.ची असो वा संगीताच्या विद्यापीठाची. आणि त्याबरोबर चांगल्या गुरूकडे बसणें चालूं ठेवावें. जो कोणी सांगेल कीं "आमच्याकडे या, बी. ए.ची गरज नाहीं," त्याच्या तोंडावर कागद मागावा. तोंडी समकक्षता म्हणजे तोंडी खरेदीखत. तलाठ्याकडे नोंद होत नाहीं.

फी भरण्यापूर्वीं बापानें आणि आईनें हे प्रश्न विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पिशवीची गांठ सोडूं नये.

१. पदवी कोणतें विद्यापीठ देणार? त्या विद्यापीठाचें नांव अनुदान आयोगाच्या यादींत आहे काय?

२. 'समकक्ष' म्हणतां, तें कोणत्या कामासाठीं आणि कोणत्या कार्यालयाच्या पत्रानें? तें पत्र दाखवा.

३. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तींत हा अभ्यासक्रम आहे काय? ती सवलत मान्य अभ्यासक्रमांनाच मिळते. यादींत नांव नसेल तर सारी फी आपल्या खळ्यावरून जाणार.

४. आठवड्यांत गाण्याचे तास किती? शिकविणारा कोण? पाटीवरचा थोर गवई स्वतः शिकवितो, कीं त्याचा फक्त फोटो शिकवितो?

५. सरावाला खोली आणि वाद्य मिळतें काय? भाड्याच्या खोलींत पहांटे तंबोरा लावला तर घरमालक दुसऱ्या दिवशीं सामान बाहेर काढतो, हें लक्षांत असूं द्यावें.

६. पांच वर्षांपूर्वीं येथून बाहेर पडलेल्या तीन मुलांची गांठ घालून द्या. तीं आज काय करतात, तें त्यांच्याच तोंडून ऐकूं.

यांतला सहावा प्रश्न सर्वांत मोलाचा. खरें दुकान त्याला भीत नाहीं.

आतां दोन शब्द सरकारास आणि विद्यापीठास. प्रत्येक परीक्षाकेंद्राच्या आणि प्रत्येक अकादमीच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिवून घ्या, "येथें विद्यापीठाची पदवी मिळत नाहीं." एवढ्या एका ओळीनें शेंकडों म्हशी वांचतील. दहावीच्या परीक्षेंत शास्त्रीय कलेस आणि लोककलेस वाढीव गुणांची सोय केलेली आहे, हें चांगलें झालें. पण शहरांतल्या मुलाचें प्रमाणपत्र तयार असतें, आणि मंडईंत रात्ररात्र जागणाऱ्या आमच्या पोराला आपल्या कलेचा दाखला कोणाकडून घ्यावा हेंच कळत नाहीं. प्रत्येक गांवानें आपल्या हेडमास्तरास विचारावें, कीं आमच्या दंडारींतल्या किती मुलांचे अर्ज आपण भरले? आणि ज्या विद्यापीठानें तुकडोजी महाराजांचें नांव घेतलें, त्याच्या संगीताच्या अभ्यासक्रमांत खंजिरीला, दंडारीला, खडी गंमतीला किती गुण आहेत? असतील तर आम्हांस दाखवा, आम्ही पेढे वांटूं. नसतील तर घाला. मुंबई विद्यापीठास लोककला अकादमी चालवितां येते, तर धानाच्या मुलुखालाच तिचें वांकडें कां असावें?

कारागीर बंधूंसहि सांगावयाचें आहे. मिरजेच्या शिकलगारांच्या घराण्यांनीं पूर्वीं हत्यारें घडविलीं आणि पुढें तेच हात तंबोऱ्या-सतारीकडे वळले. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. गाणाऱ्याला पंडित म्हणतात, वाद्य घडविणाऱ्याला 'अमक्याचा सुतार' म्हणतात. पण वाद्याचें लांकूड, तार, चामडें, सूर जुळविणें हीहि संगीताची विद्याच आहे. सुताराच्या आणि चर्मकाराच्या मुलानें कॉलेज धुंडतांना हेंहि विचारावें, कीं तुमच्याकडे वाद्य घडविण्याचें आणि दुरुस्त करण्याचें शिक्षण आहे काय? विचारणारे वाढले तर उद्यां तें निघेल.

शेवटीं आपल्याच कानास थोडा हात लावूं. लग्नांत एका रात्रीच्या डीजेवर आम्ही हजारों रुपये उडवितों, कानठळ्या बसवून घेतों, आणि पोरीला पेटी शिकविणाऱ्या बाईस महिन्याची फी देतांना कां कूं करतों. दंडारींत नाचणाऱ्या पोराला 'नाच्या' म्हणून हिणवितों, आणि त्यालाच टीव्हीवर पाहिलें म्हणजे आपल्या गांवचा म्हणून मिरवितों. मुलगी गाते म्हणतांच "लग्नाचें कसें होईल?" ही धास्ती. जी पोर रोवणीच्या चिखलांत दिवसभर उभी राहून गाणीं म्हणते, तिनें तेंच गाणें वर्गांत बसून म्हटलें तर कुळास बट्टा कसा लागतो, हें आम्हांस कोणी समजावून द्यावें. असला अडाणीपणा आम्ही सोडणार नसूं तर दलालांस शिव्या देण्याचा हक्क आम्हांस नाहीं.

कोणी म्हणतील, गाण्यानें का पोट भरतें? अहो, नुसत्या गाण्यानें नाहींच भरत, म्हणूनच तर पदवीचा आग्रह धरतों आहों. आणि ज्या पोराला दुसऱ्या कशांतच गति नाहीं, त्याला जबरदस्तीनें भलत्याच कोर्सास घालून आम्ही आजवर किती पोटें भरलीं?

प्रवेशाचे दिवस रोवणीच्याच सुमारास येतात. हातीं वेळ नसतो आणि पैसाहि नसतो. म्हणून हें काम आजच करा. मंडईची सुपारी ठरवितांना गांवांत जी चार जाणतीं माणसें बसतात, त्यांनींच बसून ठरवावें, कीं आपल्या गांवांत गाणारीं-वाजविणारीं मुलें कोणतीं, आणि कोणाला कोठें पाठवावयाचें. त्यांतल्या एकानें एक दिवस मोडून नागपूरचें तिकीट काढावें, दुसऱ्यानें खैरागडचें. वर दिलेले सहा प्रश्न खिशांत घालून जावें आणि उत्तरें लिहून आणावीं. तिकिटाला लागेल तें लागेल. म्हशीपेक्षां तें स्वस्तच पडेल.

— एक धानकरी